पेन्सिलवाल्यांची वाट

सार्वजनिक वाचनालयातून पुस्तके आणणाऱ्या प्रत्येकाला एक अनाम गृहस्थ भेटलेला असतो. तो दिसत नाही, त्याची पेन्सिल तेवढी दिसते. जुळाऱ्याने ‘दिन’चा ‘दीन’ केलेला असतो, तो याने समासात सरळ करून ठेवलेला असतो. पुढे पन्नास पानांवर एका वाक्यातला ‘न’ गळून नायकाने नायिकेला भलतेच वचन दिलेले असते. तिथे याने बारीक अक्षरात तो ‘न’ भरून नायकाची अब्रू राखलेली असते. पुस्तकावर लिहिण्यास सक्त मनाई आहे, अशी पाटी वाचनालयात असतेच. पण त्या गृहस्थाला दंड करावा असे तुम्हांला कधी वाटले आहे काय? तो लेखक नव्हे, प्रकाशक नव्हे, प्रकाशकाचा पगारी मुद्रितशोधकही नव्हे. वाचता वाचता खटकले, पेन्सिल हाताशी होती, नीट केले आणि पुढे वाचू लागला. पुस्तकाशी त्याचा संबंध एवढाच.

या पेन्सिलवाल्याचा एक भाऊबंद हल्ली कॉम्प्युटरच्या राज्यात वावरतो. तिथे त्याची फार आबाळ होते, म्हणून आजचे सदर त्याच्यासाठी.

सॉफ्टवेअर म्हणजे यंत्राने काय करावे याचा लेखी हुकूमनामा. बहुतेक कंपन्या तो गुलदस्तात ठेवतात. बाजारातली पाकीटबंद चकली घ्यावी, आवडली तर खावी, नाही तर टाकावी. भाजणीत काय घातले ते विचारू नये, तसला हा प्रकार. याउलट शेजारच्या काकू भाजणीचे प्रमाण कागदावर लिहून देतात, आणि वर सांगतात, “तांदूळ कमीजास्त करून पाहा हो, आणि जमलं तर मलाही कळवा.” ओपन सोर्स सॉफ्टवेअर म्हणजे काकूंचा हा कागद. ज्याला वाचता येईल त्याने वाचावा, चुकले असेल तिथे सुधारावा, सुधारलेला पुढे द्यावा. तुमच्या खिशातला फोन अँड्रॉइडचा असेल, तर त्याच्या गाभ्याशी लिनक्स आहे, आणि लिनक्स असल्याच कागदावरचे आहे.

या चळवळीचे मूळच मुळी एका फुटकळ बिघाडात आहे. १९८०च्या सुमाराला अमेरिकेत एम. आय. टी.च्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण काम करीत असे. तिथल्या छपाईयंत्रात वारंवार कागद अडके. यंत्र एकीकडे आणि माणसे दुसरीकडे, त्यामुळे तासाभराने जाऊन पाहावे तो काम तिथेच तटलेले. जुन्या यंत्राच्या वेळी स्टॉलमनने सॉफ्टवेअरमध्ये थोडी भर घालून अशी सोय केली होती की, यंत्र अडले की ज्यांची छपाई खोळंबली त्यांना निरोप जावा. पुढे झेरॉक्स कंपनीचे नवे यंत्र आले. त्यातही हेच करावे म्हणून त्याने मूळ लिखाण मागितले. दुसऱ्या विद्यापीठातल्या एका जाणकाराकडे ते होते. पण त्याने गुप्ततेचे वचन दिले होते, म्हणून त्याने चक्क नकार दिला. तो नकार स्टॉलमनच्या जिव्हारी लागला. १९८३ साली त्याने ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तिच्यामागे या नकाराची सल होती.

स्टॉलमनला नवे छपाईयंत्र बनवायचे नव्हते, एवढे ध्यानात ठेवा. अडकलेला कागद त्याला खटकला होता. म्हणजे मूळ पुरुष पेन्सिलवालाच.

त्याला आता चाळीसहून अधिक वर्षे झाली. दुरुस्तीचा हक्क मिळाला. पण हक्क आणि वाट यांत अंतर असते, हे सातबाऱ्याच्या नोंदीसाठी चार वेळा तालुक्याला जाऊन आलेल्या मराठी माणसाला मी काय सांगावे!

माझ्या माहितीतलेच एक उदाहरण देतो. आमच्या वाचनालयाच्या पुस्तकांची यादी एका ओपन सोर्स प्रोग्रामवर केलेली आहे. त्याचे नाव सांगत नाही, कारण तो इतर बाबतींत गुणी आहे. यादीचे काम एका निवृत्त शिक्षिका बाईंकडे आहे. एके दिवशी त्या मला म्हणाल्या, “अहो, ज्ञानेश्वर महाराज या यंत्राला ठाऊक नाहीत का हो?” पाहतो तो ‘ज्ञानेश्वरी’ ‘ज’च्या रांगेत अगदी शेवटी, ‘झेंडूची फुले’ला खेटून बसलेली. आपण शाळेत श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ असे घोकलेले. बाईंनी तर दोन पिढ्यांकडून घोकून घेतलेले. त्यांना हे सहन होईना.

गोम अशी आहे. यंत्रात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. ‘ज्ञ’ला स्वतःचा क्रमांकच नाही, यंत्राच्या लेखी तो ज, त्याचा पाय मोडणारे चिन्ह आणि ञ, असा तिघांचा मिळून होतो, म्हणून ‘ज’मध्ये जाऊन पडतो. ‘क्ष’ तसाच ‘क’मध्ये. ‘ळ’चा क्रमांक ‘ल’च्या पाठोपाठ, ‘व’च्या आधी. मराठीचा खरा क्रम जगाला ठाऊक नाही असे नव्हे. युनिकोड संस्थेच्या तक्त्यात तो ‘ह’पुढे ळ, मग क्ष, मग ज्ञ, असा रीतसर नोंदलेला आहे. प्रोग्रामने यादी लावताना त्या तक्त्यात डोकवायचे, एवढेच. या प्रोग्रामात डोकवायला सांगणारी ओळ नव्हती. बर्लिनच्या किंवा बोस्टनच्या कारागिराला हा दोष जन्मात दिसला नसता. तो दिसायला ‘ज्ञानेश्वरी’ शोधणारी बाईच हवी.

बाईंचा नातू इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने ती जागा अर्ध्या तासात शोधली. बदल एका ओळीचा. मग तो ही ओळ मूळ कर्त्यांकडे पाठवायला बसला, आणि द्राविडी प्राणायाम सुरू झाला. आधी खाते उघडा. मग सारा प्रोग्राम आपल्या मशीनवर उभारून दाखवा. उभारायची कृती तीन वर्षांपूर्वीची, तिच्यातली दोन साधने आता मिळत नाहीत; त्यात दोन रात्री गेल्या. मग अकरा प्रश्नांचा इंग्रजी तक्ता भरा. मग आपल्या लिखाणावरील हक्कांसंबंधी करारनामा वाचून मान्य करा. एवढे करून पाठवले, तर पहिल्या ओळीत अक्षरे जास्त झाली म्हणून यंत्रानेच परत केले. अक्षरे कमी केली. त्यानंतर दोन महिने शुकशुकाट. आणि मग पुन्हा एक यंत्रलिखित पत्र: या प्रकरणात बरेच दिवस हालचाल नसल्यामुळे ते बंद करण्यात येत आहे.

“आजी, काम अर्ध्या तासाचं आणि अर्ज दोन महिन्यांचा,” नातू म्हणाला आणि परीक्षेच्या अभ्यासाला लागला. आमच्या वाचनालयापुरती ती ओळ त्याने घालून दिली आहे. पण प्रोग्रामची नवी आवृत्ती आली की ‘ज्ञानेश्वरी’ पुन्हा ‘ज’मध्ये जाऊन बसते, आणि नातू तिला पुन्हा उठवून आणतो. हा प्रोग्राम मराठीत वापरणारे दुसरे एखादे वाचनालय असेल, तर तिथल्या बाईंना असा नातू असेलच असे नाही.

कुणी म्हणेल, एका ओळीने काय अडते? २०१६ साली ब्राझिलच्या काही संशोधकांनी गिटहबवरचे प्रकल्प तपासून पाहिले. एकदाच येऊन गेलेली माणसे हातभार लावणाऱ्यांत जवळजवळ निम्मी निघाली, आणि एकूण बदलांत त्यांचा वाटा शेकडा दोनांहूनही कमी भरला. हिशेबनीस हे पाहून म्हणेल, सोडून द्या यांना. मी उलटे म्हणतो. रोजच्या कारागिराला जे दिसत नाही तेच या पाहुण्याला दिसते. आणि तो पुन्हा येणार नसल्यामुळे त्याच्यासाठी वाट शिकण्याचा खर्च कधीच वसूल होत नाही. पन्नास दुरुस्त्या करणाऱ्याने दोन रात्री घालवल्या तर चालेल. एका ओळीसाठी कोण घालवील?

वाट सोपी करता येते, याचे दाखले आहेत. २००१ साली निघालेल्या विकिपीडियाने पानाच्या माथ्यावरच संपादनाची कळ ठेवली, आणि मुद्रितशोधकांची फौजच्या फौज फुकट मिळवली. २००८ साली निघालेल्या गिटहबने पुढे लिखाणाच्या पानावर चक्क पेन्सिलीचे चित्र लावले: ते दाबा, तिथल्या तिथे बदल करा, तुमच्यासाठी वेगळी प्रत आपोआप निघते आणि बदल मालकापुढे जातो. लिनक्सच्या गाभ्यातला बदल आजही साध्या ई-मेलने पाठवावा लागतो, आणि त्याचे सोवळे मोठे कडक आहे. पण त्याच लिनक्सने २००४ साली करारनाम्याची भानगड सोपी केली. हे लिखाण पुढे देण्याचा मला अधिकार आहे, अशा अर्थाची सहीची एक ओळ खाली लिहिली की झाले.

स्वल्पविराम कुठे, मोकळी जागा किती, यावरून नवख्याला परत पाठवणे मला तर निव्वळ छळ वाटतो. ‘गो’ या भाषेच्या कर्त्यांनी भाषेबरोबरच लिखाण नीटनेटके करणारे एक साधनही दिले. वाद यंत्राने मिटवला. जे यंत्राला करता येते ते पाहुण्याकडून करून घेऊ नये. आपल्याकडे पाहुण्याला पाट मांडून देतात, सुतारकाम करायला लावीत नाहीत. तीच गोष्ट प्रोग्राम उभारण्याची. ब्राउझरमध्ये एक कळ दाबताच सारी सामग्री मांडलेली तयार मिळावी, इतकी सोय आज करता येते.

पण सगळ्यांत महत्त्वाचे आहे ते उत्तर. फायरफॉक्सच्या मोझिलाने आपल्या दप्तरात धुंडाळून पाहिले, तेव्हा दिसले की ज्याची पहिली दुरुस्ती ४८ तासांत कुणी तपासली तो मनुष्य बहुधा पुन्हा येतो, आणि ज्याला सात दिवसांहून अधिक तिष्ठावे लागले तो जवळजवळ कधीच येत नाही. नकार चालतो, मौन चालत नाही.

आता दुसरी बाजू. ते ४८ तासांत उत्तर द्यायचे कुणी? आपण ज्याला ‘मूळ कर्ते’ म्हणतो तो पुष्कळदा एकच मनुष्य असतो, दिवसभर नोकरी करून रात्री हे सांभाळणारा. २०१४ साली ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा भयंकर दोष सापडला. निम्म्या जगाचे गुप्त व्यवहार ज्यावर विसंबून, त्याला पूर्णवेळ माणूस एक आणि वर्षाच्या देणग्या जेमतेम २,००० डॉलर, हे तेव्हा लोकांना कळले. अशा माणसाच्या दारात पाहुण्यांची रांग लावणे म्हणजे उपकार नव्हेत. ‘हॅक्टोबरफेस्ट’ उपक्रमात ऑक्टोबर महिन्यात चार बदल पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळे. २०२० साली त्या शर्टापायी निरर्थक बदलांचा असा पूर आला की, ज्या प्रकल्पांची इच्छा असेल तेवढेच यात धरावेत, असा नियम महिन्याच्या मध्येच करावा लागला. अलीकडे तर यंत्राकडून लिहवून घेतलेल्या खोट्या दोषांच्या तक्रारी येतात. कर्लचे कर्ते डॅनियल स्टेनबर्ग २०२४ पासून त्याविषयी जाहीर त्रागा करीत आहेत, आणि तो योग्यच आहे.

आणि वेषांतर करून येणारेही असतात. ‘जिया टॅन’ या नावाने कुणी एक जण एक्सझेड नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरला दोनेक वर्षे इमानेइतबारे दुरुस्त्या पाठवीत होता. थकलेल्या सांभाळकर्त्याने अखेर त्याच्या हाती किल्ल्या दिल्या, आणि त्याने आत चोरवाट खोदली. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एक काम नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का घेते, हे खटकले म्हणून ती उघडकीस आली. पाहा, इथेही खटकणाराच कामाला आला! किल्ल्या घेणारा निराळा आणि पेन्सिल घेऊन आलेला निराळा. पेन्सिलवाल्याला किल्ल्या नकोच असतात. त्याची ओळ तपासून घ्या किंवा फेकून द्या. पण तपासणाऱ्याला चार पैसे आणि एक जोडीदार मिळेल अशी तजवीज आधी करा. या सॉफ्टवेअरवर गडगंज झालेल्या कंपन्यांनी ती करायला नको काय?

तोवर आपल्यासारख्यांसाठी एक दार उघडे आहे. फायरफॉक्समधला एखादा मराठी शब्द तुम्हांला टोचत असेल, तर मोझिलाच्या पॉन्टून या संकेतस्थळावर जावे, खाते उघडावे, मराठी भाषा निवडावी आणि त्या शब्दाखाली आपला शब्द लिहावा. प्रोग्राम उभारावा लागत नाही, कोड वाचावा लागत नाही. अधिकारी भाषांतरकाराने मान्य केला की शब्द पुढे जातो. ज्यांच्या शुद्धलेखनाचा घरच्यांना जाच होतो, अशा वाचकांना दिवाळीच्या सुट्टीत हा उद्योग करून पाहण्यासारखा आहे. आणि दोन-चार शब्द मान्य झाले, तर पुढे तपासनिसाच्या कामालाही नाही म्हणू नये. तिथे माणसे कमीच पडतात.