दाद आणि संघटना

जमैकाच्या दरिद्री वस्त्यांतून रेगे जन्मले. त्याच बेटावरील परंपरेचा वारसा घेऊन पुढे न्यूयॉर्कमध्ये रॅप उभे राहिले. २०१९ साली मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप गाणाऱ्या तरुणांच्या चमूने आरेतील आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांच्यासह ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे चित्रफितीसह प्रसिद्ध केले. जंगल राखणाऱ्यांचा आवाज शहरी तरुणांपर्यंत पोचला, त्यांनी दादही दिली. हे स्वागतार्हच होय.

परंतु त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि रात्रीच आरेत वृक्षतोड सुरू झाली. विरोधासाठी धावलेल्यांपैकी २९ जणांना अटक झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे आडवी झाली होती. दाद देणारे पुष्कळ, धावणारे थोडे, हा हिशेब विसरता येत नाही.

१९४५ साली ठाणे जिल्ह्यातील वारल्यांनी किसान सभेच्या झेंड्याखाली, गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वात वेठ नाकारली आणि गवतकापणीच्या मजुरीसाठी संप केला. ते बळ गावोगावच्या संघटनेचे होते.

हिंगोली जिल्ह्यात कळमनुरी, औंढा भागांत आंध आदिवासींची वस्ती आहे. तेथील कार्यकर्त्यांनी ही चित्रफीत अवश्य दाखवावी. मात्र मंडळी उठण्यापूर्वी २००६ च्या वनहक्क कायद्याखालील कोणाचे दावे अडले आहेत, त्याची यादी करावी आणि ग्रामसभेची तारीख ठरवावी. गाणे माणसे गोळा करते. त्यांना एकत्र टिकविणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.