घरच्या नॅसला उघडं दार नको

१ जून २०२१ पासून गूगल फोटोजने अमर्याद फुकट साठवण बंद केली आणि १५ जीबीच्या पुढे पैसे मोजायला लावले. दर महिन्याला भाडं भरण्यापेक्षा घरातच स्वतःची साठवण ठेवावी, हा विचार त्यानंतर अनेकांच्या मनात आला असेल, आणि तो चांगलाच विचार आहे. दोन किंवा चार हार्ड डिस्क बसणारा एक छोटा डबा राउटरशेजारी ठेवायचा, वायरने जोडायचा, आणि सगळ्यांच्या फोनमधले फोटो, कॅसेटवरून उतरवलेला आजोबांचा आवाज, सातबारा, विम्याचे कागद, मुलांची प्रमाणपत्रं असं सगळं एका जागी जमा करायचं. या डब्याला नॅस म्हणतात. तो घरी आला की थोड्याच दिवसांत पुढचा प्रश्न उभा राहतो: ऑफिसातून, गावाहून, परदेशात असलेल्या मुलीच्या घरून या फायली उघडायच्या कशा? त्यावर सर्रास दिला जाणारा सल्ला असा, की राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करून टाका, पाच मिनिटांचं काम आहे. हा सल्ला घातक आहे. नॅसचं लॉगिनचं पान उघड्या इंटरनेटवर कोणत्याही सबबीखाली ठेवू नये. बाहेरून आत यायचं ते फक्त स्वतःच्या खासगी बोगद्यातून, म्हणजे व्हीपीएनमधून, असं माझं ठाम मत आहे.

पोर्ट फॉरवर्ड केल्यावर नेमकं काय होतं ते आधी पाहू. बाहेरून न बोलावता आलेली कोणतीही मागणी राउटर एरवी टाकून देतो, कारण ती घरातल्या कोणत्या यंत्राकडे पाठवायची हे त्याला सांगितलेलंच नसतं. फॉरवर्डचा नियम त्याला नेमकं तेच सांगतो: अमुक क्रमांकाच्या पोर्टवर जगातून कोणीही आलं, तरी त्याला थेट नॅसपर्यंत नेऊन सोड. माझ्या घरचा पत्ता कोणाला माहीत आहे, असं इथे वाटू शकतं. बोळातल्या शेवटच्या घरापर्यंत चोर कशाला येईल, या जुन्या हिशेबातून हा दिलासा येतो, पण इंटरनेटला बोळ नसतात. आयपीव्ही४ पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४३० कोटी आहेत. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप नावाचं साधन तयार केलं आणि एका संगणकावरून, एका गिगाबिट जोडणीवर, ४५ मिनिटांच्या आत या संपूर्ण पत्त्यांचं दार वाजवून दाखवलं. कोणत्या पत्त्यावर कोणतं यंत्र उघडं आहे याची यादी देणारं शोदान नावाचं शोधयंत्र तर २००९ पासून चालू आहे. पोर्टचा क्रमांक बदलल्यानेही फारसं काही साधत नाही. सगळी दारं वाजवत फिरणाऱ्याला एक दार थोडं पलीकडे सरकवलं, तरी तेही सापडतंच.

दार सापडल्यावर काय घडतं, याचा पुरावा गेल्या काही वर्षांत भरपूर जमा झाला आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये सिनॉलॉजीच्या नॅसवर सिनोलॉकर नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम आला. त्याने फायली कुलूपबंद केल्या आणि किल्लीसाठी ०.६ बिटकॉइन मागितले. ज्या भोकातून तो शिरला, ते कंपनीने डिसेंबर २०१३ मध्येच बुजवलं होतं. अपडेट न केलेले डबे मात्र उघडे राहिले होते. एप्रिल २०२१ मध्ये क्यूनॅपच्या नॅसवर क्यूलॉकर आला. त्याने ७-झिप या साध्या, सर्वांच्या ओळखीच्या प्रोग्रॅमनेच फायली पासवर्ड घालून बंद केल्या आणि ०.०१ बिटकॉइन मागितले. तो शिरला होता बॅकअप घेण्यासाठीच दिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीतून. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा क्यूनॅपवरच डेडबोल्ट आला. नॅसच्या लॉगिनच्या पानाच्या जागी थेट खंडणीची चिठ्ठी झळकू लागली, प्रत्येक मालकाकडे ०.०३ बिटकॉइनची मागणी झाली, आणि सगळी कुलुपं उघडणारी एकच किल्ली हवी असेल तर कंपनीने ५० बिटकॉइन द्यावेत, असंही गुन्हेगारांनी लिहिलं. त्या वेळी क्यूनॅपने स्वतः ग्राहकांना जे सांगितलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे: राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग बंद करा आणि नॅसमधलं यूपीएनपी बंद करा. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये नेदरलँड्सच्या पोलिसांनी पैसे भरल्याचं भासवून किल्ल्या मिळवल्या आणि व्यवहार पूर्ण होण्याआधीच पैसे मागे घेतले. त्या युक्तीने हाती आल्या १५५ किल्ल्या. ज्यांच्या त्या होत्या, त्यांचं नशीब.

मला सर्वांत अस्वस्थ करतो तो वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्हचा प्रसंग. २०१० मध्ये बाजारात आलेल्या या डब्याचं शेवटचं अपडेट २०१५ चं. जून २०२१ मध्ये एके दिवशी जगभरच्या मालकांना आपापले डबे कोरे झालेले दिसले. खंडणीची चिठ्ठी नाही, मागणी नाही, फक्त वर्षानुवर्षांचे फोटो नाहीसे. कारण असं निघालं, की यंत्र पूर्ववत कोरं करण्याची आज्ञा देण्याआधी पासवर्ड विचारणाऱ्या ओळी कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेल्या होत्या, पण २०११ मधल्या एका बदलात त्या निष्क्रिय करून ठेवल्या गेल्या. दहा वर्षं ते दार तसंच होतं. कंपनीच्याच तपासणीनुसार बळी पडलेले डबे थेट इंटरनेटला जोडलेले होते किंवा पोर्ट फॉरवर्डिंगमधून बाहेर दिसत होते, आणि ते फॉरवर्डिंग मालकाने हाताने केलेलं होतं किंवा यूपीएनपीने परस्पर केलेलं. यूपीएनपी म्हणजे घरातल्या यंत्राने मालकाला न विचारता राउटरला ‘माझ्यासाठी दार उघड’ असं सांगण्याची सोय. आपण काहीच उघडलेलं नाही, असं ज्यांना वाटतं, त्यांच्याही राउटरमध्ये असा नियम बसलेला असू शकतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो जाणकारांकडून: भक्कम पासवर्ड ठेवला, ओटीपीसारखी दुसरी पायरी लावली आणि अपडेट वेळेवर केले, तर उघड्या दाराने काय बिघडतं? हे तिन्ही केलंच पाहिजे, यात शंका नाही. पण वरची उदाहरणं नीट पाहिली तर दिसतं, की क्यूलॉकरला आणि माय बुक लाइव्ह पुसणाऱ्यांना मालकाचा पासवर्ड लागलाच नाही. त्यांनी कुलूप फोडलं नाही, ते कुलपाच्या शेजारच्या भिंतीतून आत आले. नॅस म्हणजे नुसती डिस्क नव्हे. त्यात फोटोचं सॉफ्टवेअर असतं, व्हिडिओचं असतं, डाउनलोडचं, बॅकअपचं, वेबसाइट चालवण्याचंही असतं. लाखो ओळींचा हा पसारा, आणि त्यातली एक चूक पुरते. अपडेटचं म्हणाल, तर ती चूक कंपनीला कळण्याआधी गुन्हेगारांना कळली असेल, तर वेळेवर केलेलं अपडेटही उशिराचंच ठरतं.

त्याच्या शेजारी वायरगार्ड ठेवून पाहावं. जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेला हा व्हीपीएन मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत गाभ्याचा भाग म्हणून घेतला गेला. लिनक्ससाठीचा त्याचा प्रोग्रॅम सुमारे ४००० ओळींचा आहे. एखादा तज्ज्ञ माणूस तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढू शकतो. व्हीपीएनलाही राउटरमध्ये एक पोर्ट लागतंच की, असं कोणी म्हणेल, आणि ते खरं आहे. फरक त्या पोर्टच्या वागण्यात आहे. नॅसचं पान येईल त्याला नाव विचारतं, पासवर्डची चौकट दाखवतं, आपण कोणत्या कंपनीचे आहोत हेही सांगून टाकतं. वायरगार्ड ओळखीची किल्ली असल्याशिवाय उत्तरच देत नाही, त्यामुळे दार वाजवणाऱ्याला तिथे कोणी आहे हे कळतही नाही. तुमच्या फोनची गुप्त किल्ली फोनमध्येच राहते, घरच्या यंत्राला फक्त तिची जाहीर जोडी माहीत असते. बोगदा एकदा लागला की फोन जणू घरच्या वायफायवरच आहे, आणि नॅस नेहमीसारखा उघडतो. हा व्हीपीएन काही राउटरमध्येच बसतो, नाहीतर रास्पबेरी पायसारख्या स्वस्त छोट्या संगणकावर चालवता येतो.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: नॅसच्या कंपन्याच आपली बाहेरून पोहोचण्याची सोय देतात, खातं काढलं की झालं, मग ही खटपट कशाला? माझ्या मते ही सोय उघड्या पोर्टपेक्षा नक्कीच बरी. पण घरच्या वस्तूपर्यंत जाण्याचा रस्ता मग कंपनीच्या अंगणातून जातो. मार्च २०२३ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या यंत्रणेत घुसखोरी झाली आणि एप्रिलच्या सुरुवातीला माय क्लाउड सेवा कित्येक दिवस बंद पडली. फायली लोकांच्या घरात, त्यांच्याच डिस्कवर होत्या, तरी लॉगिन कंपनीमार्गे होत असल्याने अनेकांना त्या उघडता येईनात. शेवटी घरच्या घरी जोडणी करण्याची वेगळी वाट कंपनीला सांगावी लागली. स्वतःची साठवण घेण्यामागे जे स्वावलंबन अपेक्षित होतं, ते इथे हातचं निघून जातं.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. आयपीव्ही४ पत्त्यांचा तुटवडा असल्याने इथल्या अनेक इंटरनेट कंपन्या कितीतरी ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. याला सीजीनॅट म्हणतात. अशा जोडणीवर पोर्ट फॉरवर्ड केलं तरी चालतच नाही, मग लोक जास्तीचे पैसे भरून स्टॅटिक आयपी घेतात आणि तो आल्याबरोबर नॅस उघडा करतात. म्हणजे जो धोका आपोआप टळला होता, तो पैसे देऊन विकत घेतात. याच अडचणीवर टेलस्केलसारखी, वायरगार्डवरच बांधलेली साधनं उपयोगी पडतात. दोन्ही टोकांची यंत्रं आतून बाहेरच्या दिशेने जोडणी करतात आणि मध्ये गाठ पडते, त्यामुळे पोर्टही लागत नाही आणि स्टॅटिक आयपीही लागत नाही. इथेही ओळख पटवायला एक कंपनी मधे असतेच, हे मी लपवत नाही. पण मजकूर टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद असतो, गुप्त किल्ल्या आपल्याच यंत्रांत राहतात, आणि ज्याला तेवढंही परावलंबन नको, त्याला मधला सर्व्हर स्वतः चालवण्याचे पर्याय आहेत. भारतात आता निम्म्याहून अधिक इंटरनेट वापरणाऱ्यांकडे आयपीव्ही६ पोहोचलं आहे, आणि त्यात घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा जाहीर पत्ता मिळू शकतो. तिथे पत्त्यांच्या तुटवड्याचा आडोसा नाही. राउटरचा फायरवॉल चालू आहे ना, हे पाहूनच घ्यावं लागतं.

व्हीपीएन हा शब्द ऐकून काही जण बिचकतात, हेही समजण्यासारखं आहे. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने निर्देश काढले, व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती ५ वर्षं जपून ठेवावी असं त्यांत होतं, आणि व्हीपीएन म्हणजे काहीतरी संशयास्पद, असा ग्रह पसरला. सर्ट-इनच्याच खुलाशानुसार हे कलम सर्वसाधारण ग्राहकांना व्हीपीएनद्वारे इंटरनेटची सेवा पुरवणाऱ्यांसाठी आहे. स्वतःच्या घरी पोहोचण्यासाठी स्वतःच उभारलेला बोगदा त्यात येत नाही.

राहिला घरच्यांचा प्रश्न, आणि तो मला सर्वांत खरा वाटतो. सत्तरीतल्या आईने फोटो पाहण्याआधी बोगदा लावायचा कसा? एकदा कोणीतरी बसून तिच्या फोनमध्ये ते ॲप घालून द्यावं आणि फक्त घरच्या यंत्रांकडे जाणारी वाहतूक त्यातून नेण्याची मांडणी करून ते कायम चालू ठेवावं. रोज तिला काहीही करावं लागत नाही. लग्नाचे फोटो गिऱ्हाइकांना द्यायचे असलेल्या फोटोग्राफरची गोष्ट वेगळी. गिऱ्हाईक काही व्हीपीएन घालणार नाही. त्याने तेवढ्या फोटोंची प्रत भाड्याच्या क्लाउडवर ठेवून तिची लिंक द्यावी. त्या एका लग्नासाठी बाकी शंभर लग्नांचा नॅस रस्त्यावर आणू नये. आणि कंपन्यांनीही यूपीएनपी मुळातच बंद ठेवून, व्हीपीएनची मांडणी पहिल्याच पडद्यावर पुढे करूनच डबा विकायला हवा. आज ग्राहकाला सुरक्षित वाट शोधावी लागते आणि धोक्याची आयती मिळते.

व्हीपीएन सगळ्यांतून वाचवतो, असं मात्र नाही. ज्या लॅपटॉपमध्ये आधीच व्हायरस शिरला आहे, तो बोगद्यातून आला तरी व्हायरस घेऊनच येईल. म्हणून नॅसमध्ये स्नॅपशॉट चालू असावेत, म्हणजे फायली बिघडल्या तर कालच्या स्थितीला परतता येतं. आणि एक प्रत नॅसच्या बाहेर, एरवी जोडलेली नसलेल्या डिस्कवर असावी. डब्यातल्या दोन डिस्कवर तोच मजकूर असला तरी तो बॅकअप होत नाही, कारण पुसण्याची आज्ञा दोन्हींना एकदमच लागू होते. फोन हरवला तर त्याची किल्ली यादीतून लगेच काढता आली पाहिजे, आणि ते घरात एकालाच येत असेल तर भागणार नाही. कपाटातल्या महत्त्वाच्या कागदांसोबत आणखी एक कागद ठेवावा आणि त्यावर घरातल्या दुसऱ्या माणसाला कळेल अशा साध्या मराठीत लिहावं: कोणती किल्ली कोणाच्या फोनची, ती रद्द कुठून करायची, आणि दुसरी प्रत कोणाच्या घरी ठेवली आहे.