पिल्लू उपाशी नाही

पावसाळ्यात वसई-विरारमध्ये मला हमखास ऐकू येतं, "धामणीचं पिल्लू सापडलंय, बरणीत ठेवलंय, पण काही खातच नाही. काय देऊ?"

काही देऊ नका. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या पोटात बलक शिल्लक असतो. पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडा-दहा दिवस, ते बहुधा खात नाही. नंतर त्याला हवा असतो हलणारा लहानसा बेडूक किंवा पाल, आणि लपायला आडोसा. काचेच्या बरणीत, मोबाइलच्या उजेडात ते काय खाणार? मग आपली माया उफाळते आणि ड्रॉपरने दूध पाजलं जातं. नागपंचमीच्या गारुड्याला आपण नावं ठेवतो. त्याचा तहानेला नाग दूध पितो, पण त्याला ते पचत नाही. आपण वेगळं काय करतो?

बावखलं बुजवून आपण इमारती बांधल्या, बेडूक घालवले, आणि आता बेडूक खाणाऱ्याला दूध पाजतोय! १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार धामण पाळताच येत नाही, त्यामुळे "मोठं करून सोडू" हेही मला मान्य नाही. वन विभागाच्या १९२६ वर फोन करा आणि तोवर बरणीत हात घालू नका. धामण म्हणून उचललेलं पिल्लू नागाचंही असू शकतं.