कोरभर हिशेब

चंद्राची कोर मला ठाऊक होती. भाकरीची कोर तर रोज ताटातच असते. प्रोसेसरलाही कोर असतात आणि त्या मोजून पैसे घेतात, हे ज्ञान मात्र अमरावतीच्या आमच्या पतसंस्थेत झालं.

संचालक मंडळात मी आहे. म्हणजे चहाच्या वेळी सही करायला असतो. जुना सर्व्हर धापा टाकू लागला म्हणून नवा आणला. दोन प्रोसेसर, प्रत्येकात सोळा कोर. खात्यांच्या नोंदी ठेवणारं डेटाबेसचं सॉफ्टवेअर जुनंच. तोच पुण्याहून विक्रेत्याचे गृहस्थ हजर! पूर्वी दोन प्रोसेसरचे दोन परवाने होते, आता बत्तीस कोरांचे घ्या म्हणाले. आमचे कारकून पाच, त्यातला एक सदा रजेवर.

"अहो, चार कोर वापरू. बाकीच्या झोपू द्या," मी म्हटलं.

"झोपलेल्यांचेही पैसे पडतात," गृहस्थ शांतपणे म्हणाले.

बरं, ही रीत जगभरची. मायक्रोसॉफ्टनं 2012 साली एस्क्यूएल सर्व्हरचा हिशेब प्रोसेसरवरून कोरवर आणला, वर प्रोसेसरमागे किमान 4 कोर धरल्या. ओरॅकलकडे तर कोष्टकच आहे. इंटेल झिऑनच्या कोरांना 0.5 नं गुणायचं, सनच्या अल्ट्रास्पार्क टी-1 च्या कोरांना 0.25 नं. म्हणजे अर्धी कोर आणि चक्क चतकोर! व्हीएमवेअरनं आत भिंत घालून डेटाबेसला चारच कोर दिल्या, तरी ओरॅकलच्या लेखी ती भिंत मऊ. मोजणीत धरत नाहीत.

जास्त कोर म्हणजे जास्त काम, म्हणून जास्त दाम, असं कंपन्यांचं म्हणणं. कबूल! पण मग दाम कामावर घ्या ना. त्याच आठवड्यात अकोल्याला मामांकडे गेलो. सारा जन्म कापसात गेलेला माणूस. ऐकून म्हणाले, "अरे, जिनात कापूस नेला त मी क्विंटलचे पैसे देतो. तिथं रोलर किती हायेत ते मालकानं पाहावं, मले काय करायचं?"

मामा कॉम्प्युटरला अजून टीव्हीच म्हणतात. पण बत्तीस कोरांचं कोडं त्यांनी पान लावता लावता सोडवलं.

पतसंस्थेतला पैसा कुणाचा? निवृत्त मास्तरांचा, संत्र्याच्या बागेवर जगणाऱ्यांचा. तो झोपलेल्या कोरांवर का उधळायचा? बर्कलेच्या विद्यापीठात जन्मलेला पोस्टग्रेस आहेच. परवान्याला दमडी नाही. कोर बत्तीस असोत की बत्तीसशे. तो सांभाळायला जाणता माणूस लागतो आणि सगळ्या नोंदी तिकडे हलवणं हे घर बदलण्याइतकंच कटकटीचं, हे खरं. पण तो पगार अमरावतीतल्याच एखाद्या पोराच्या घरी जाईल.

तसा ठराव मी मांडलाय. अध्यक्षांनी तो पुढच्या सभेवर ढकललाय. त्या सभेला गिला वडा सांगितला आहे. माणशी एक प्लेट. दात मोजणार नाहीत, असं गाडीवाल्याकडून आधीच कबूल करून घेतलंय.