वीस एक, की एकवीस?

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस ही संख्या ‘वीस एक’ अशीही वाचावी असे छापून आले, आणि महाराष्ट्रात केवढा गहजब उडाला! मराठी बुडाली म्हणून हाकाटी झाली. विधिमंडळातही थट्टा झाली. ‘एकोणसाठ’ ऐकून पाटीवर प्रथम पाच लिहावा की सहा, अशा विवंचनेत पडलेले सात वर्षांचे मूल ज्यांनी पाहिले आहे, त्यांस ही थट्टा रुचणार नाही. मराठीत काय, कोंकणीत काय, एकवीस लिहिताना दोन आधी आणि बोलताना एक आधी! बेळगावच्या मुलाचा कानडी सोबती ‘इप्पत्तोंदु’ म्हणतो, हैदराबादेतील तेलुगू सोबती ‘इरवै ओकटि’. म्हणजे वीस एकच. त्यांच्या भाषा काही बुडाल्या नाहीत.

तथापि पाठ्यपुस्तक मंडळासही आम्ही दोषमुक्त मानीत नाही. १९६७ साली ते स्थापन झाले, खाजगी प्रकाशकांच्या वाचनमाला मागे पडल्या (अत्र्यांची नवयुग वाचनमाला स्मरणारे वाचक अद्याप असतील), आणि सरकारी पुस्तक म्हणजे फर्मान हा समज दृढ झाला. म्हणूनच पर्याय म्हणून छापलेली ओळ लोकांनी सक्ती म्हणून वाचली. अशी रीत प्रथम काही शाळांत उघडपणे वापरली जावी, शिक्षकांचे बरेवाईट अनुभव प्रसिद्ध व्हावेत, पालकांनी वर्गात बसून ती पाहावी. पुस्तक त्यानंतर छापावे.