बाटलीवरचा रंग कोण वाचतो?

धामणगाव रेल्वेहून यवतमाळची एसटी पकडा आणि खिडकीजवळ बसा. ऑगस्ट-सप्टेंबरात दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, तूर, सोयाबीन आणि मधूनच पाठीवर पंप घेतलेला माणूस. तोंडाला रुमाल, अंगात जुना शर्ट, पाय उघडे. अपडाउन करणाऱ्यांना हे दृश्य इतकं सवयीचं झालंय की मोबाइलवरून नजरही उचलली जात नाही.

२०१७ च्या खरिपात शेजारच्या याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. चौकशीसाठी एसआयटी नेमली गेली, काही कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी आली, सुरक्षा किट वाटले गेले. आणि एक वाक्य सगळीकडे ऐकू आलं: 'मजुरांनी काळजी घेतली नाही.' हे वाक्य जरा तपासून पाहू. तुम्ही बीएस्सीला असाल तर त्यासाठी केमिस्ट्री कामी येईल, बीएला असाल तर भाषा. खरं तर दोन्ही लागतात.

आधी केमिस्ट्री. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं. आपल्या शरीरात नसांकडून स्नायूंकडे निरोप पोचवायला ॲसिटिलकोलीन लागतं, आणि निरोप पोचला की ते मोडून टाकायला एक एन्झाइम असतं. ऑर्गॅनोफॉस्फेट या एन्झाइमलाच कुलूप लावतं. मग निरोप थांबतच नाही: घाम, लाळ, उलटी, अंधुक दिसणं, स्नायू फडफडणं आणि शेवटी श्वास अडकणं. अळीचं जे होतं तेच माणसाचं होतं, कारण हे एन्झाइम दोघांतही आहे.

आता रुमालाकडे या. फवारणाऱ्याच्या अंगात विष जातं ते बरंचसं कातडीतून. त्या वर्षी अनेक शेतांत पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती. फवारा वर मारायचा, तो तोंडावर-मानेवर पडायचा. पंप गळला की पाठ ओली, ओल्या झाडांतून चालताना मांड्या ओल्या. तोच शर्ट संध्याकाळपर्यंत अंगात. म्हणजे रुमाल बांधणारा माणूस काळजी घेतच होता, फक्त विष नाकातोंडातूनच जातं असं त्याला वाटत होतं. हे त्याला नीट सांगितलं होतं कुणी?

आता भाषा. आपल्याकडे कीटकनाशकाला काय म्हणतात? 'औषध.' औषध मारलं, औषध आणलं. ज्याला औषध म्हणायचं त्याला भ्यायचं कसं? आणि मजुराला मळमळलं, घाम फुटला, चक्कर आली की घरचे म्हणतात, 'ऊन लागलं.' कांदा हुंगवतात, झोपवतात. तेवढ्यात मोलाचे तास जातात.

इशारा छापलेलाच नसतो असं नाही. प्रत्येक बाटलीवर कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग. लाल म्हणजे सर्वात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पण घोळ बघा. हिरवा म्हटलं की आपल्या डोक्यात सिग्नल येतो, 'जा'. इथे हिरवा म्हणजे कमी विषारी, निर्धोक नव्हे. सोबतच्या घडीपत्रकातली अक्षरं तर वाचून बघाच, चष्मा घेऊन.

त्याहून मोठी गोष्ट अशी की बाटली विकत घेतो शेतमालक, आणि पंप असतो रोजंदारीच्या मजुराच्या पाठीवर. बांधावर त्याच्यासमोर येते ती पाण्यात मिसळलेली बादली, त्यातही दोन-तीन औषधं एकत्र. बादलीवर कुठलाच रंग नसतो. म्हणून 'काळजी घेतली नाही' हे वाक्य मला पटत नाही. सूचना ज्याला हवी होती त्याच्यापर्यंत निघालीच नव्हती. किटचंही तसंच. दमट उन्हात प्लास्टिकचा अंगरखा घालून दिवसभर पंप मारून दाखवा, मग बोलू. सकाळी लवकर फवारणं, वारा पाठीवर घेणं, पूर्ण बाह्या, ओला शर्ट लगेच बदलून साबणाने अंग धुणं हे सांगितलं तर निदान करता तरी येतं.

कायदा १९६८ चा आहे. तो बदलायला २०२० मध्ये राज्यसभेत विधेयक मांडलं गेलं. पण नियमांमधली एक गोष्ट थेट तुमच्याशी संबंधित आहे: कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी जी शिक्षणाची अट आहे, त्यात कृषी पदवीसोबत केमिस्ट्री, बॉटनी किंवा झूलॉजी घेऊन केलेली बीएस्सीही चालते. म्हणजे आज प्रॅक्टिकलला जर्नल कॉपी करणारे काहीजण उद्या कृषी केंद्राच्या काउंटरमागे उभे असतील. शेतकरी 'कोणतं मारू?' हे सगळ्यात आधी त्यांनाच विचारतो.

तोपर्यंत, घरी फवारणी असेल तर बादली कालवायच्या आधी प्रत्येक बाटलीच्या लेबलचा फोटो काढून मजुराच्या आणि तुमच्या मोबाइलमध्ये ठेवा. ऑर्गॅनोफॉस्फेट असेल तर डॉक्टर ॲट्रोपीन देतात, काही कीटकनाशकांना ठरावीक उताराच नाही. समोर नेमकं काय आहे, हे त्यांना त्या फोटोतूनच कळेल.