वारूळ कोणत्या कुंभारानं केलं?

विज्ञानावरचं व्याख्यान कृष्णविवरांवर असो की लसींवर, प्रश्नोत्तरं सुरू झाली की मागच्या रांगेतून एक हात वर होतोच. "हे सगळं ठीक आहे हो, पण मुळात हे कुणी निर्माण केलं?" मला हा प्रश्न आवडतो. तो हसण्यावारी नेणारे वक्ते पाहिले की राग येतो, कारण माणसाला पडलेल्या सगळ्यात जुन्या प्रश्नांपैकी हा एक आहे आणि विचारणारा तो मनापासून विचारत असतो. अडचण आहे ती त्याच्या पोटात आधीच ठेवलेल्या उत्तराची. कुणीतरी केलं असणारच, हे त्यात गृहीत असतं. अलीकडे त्याला आणखी एक पुरवणी जोडली जाते, की विज्ञानालाही आता हे मान्य करावं लागलंय.

देव मानावा की न मानावा, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण जगाला निर्माता आहे याला पुरावा आहे का, हा ज्याचा त्याचा प्रश्न नाही. पुराव्याचे नियम सगळ्यांना सारखेच लागू असतात. आणि हे नियम लावून बघणं ही पश्चिमेकडून आलेली उठाठेव आहे, असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्याच घरातला एक वाद समजून घ्यावा. शतकानुशतकं तो चालला आणि त्यात दोन्ही बाजूंनी या देशातली सर्वांत तल्लख डोकी उतरली होती.

ईश्वराच्या बाजूनं उभे होते नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी. दहाव्या शतकातले मिथिलेचे उदयनाचार्य हे त्यांच्यातले सर्वांत मोठे. ईश्वर सिद्ध करण्यासाठी त्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ हा ग्रंथ रचला. त्यांच्याबद्दल एक आख्यायिका सांगतात. ते पुरीला गेले तेव्हा जगन्नाथाच्या देवळाचं दार बंद होतं. उदयन रागावून देवाला म्हणाले, की आज ऐश्वर्याच्या मदात मला ओळखत नाहीस, पण बौद्ध चालून येतात तेव्हा तुझं अस्तित्व माझ्याच भरवशावर असतं. गोष्ट खरी असो वा नसो, तर्कावरचा विश्वास किती होता हे तिच्यातून कळतं. त्यांचं मुख्य अनुमान असं: पृथ्वी, अंकुर ही सगळी कार्यं आहेत, म्हणजे कधीतरी घडलेली आहेत. जे जे कार्य असतं त्याला कर्ता असतो, जसा घड्याला कुंभार. म्हणून पृथ्वीलाही कर्ता आहे. हा ईश्वर शून्यातून काही निर्माण करत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. न्यायमतात परमाणू अनादीच असतात. ईश्वर त्यांची जुळणी करतो. व्याख्यानातल्या त्या हाताचा प्रश्न थेट या अनुमानापर्यंत जातो, आणि हजार वर्षांत तो याहून फारसा पुढे सरकलेला नाही.

याला सर्वांत भेदक उत्तर उदयनांच्या सुमारे तीनशे वर्षं आधीच देऊन झालं होतं. सातव्या शतकातले बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्ती यांनी ‘प्रमाणवार्तिका’त विचारलं, की घड्यावरून कुंभाराचं अनुमान आपण का करू शकतो? कारण कुंभार घडे करतो हे आपण पाहिलेलं असतं. तो असला तर घडा होतो, नसला तर होत नाही. म्हणून रानात पडकी भिंत दिसली, तिचा गवंडी कधी पाहिलेला नसला, तरी ती कुणीतरी बांधली हे आपण बिनचूक सांगतो. पण घर आणि डोंगर या दोन्हींना ‘रचना’ हा एकच शब्द लावला, म्हणजे घराबद्दल जे ठाऊक आहे ते डोंगराला लागू होत नाही. धूर पांढुरका असतो, म्हणून पांढुरकं काहीही दिसलं की तिथे आग आहे असं म्हणता येईल का? आणि मग येतं ते वारुळाचं उदाहरण. घडा हा मातीचा आकार आहे आणि तो कुंभारानं केलेला आहे. वारूळही मातीचाच आकार आहे. तेही कुंभारानंच केलं म्हणायचं?

या एका उदाहरणासाठी मला धर्मकीर्ती फार मोठे वाटतात. पुरावा कुठपर्यंत पोचतो आणि कुठे संपतो याची रेघ त्यांनी इतकी स्वच्छ आखली, की पुढे कुणालाही ती पुसता आली नाही. विक्रमशीला विहारात अकराव्या शतकात रत्नकीर्तींनी याच धाग्यावर ‘ईश्वरसाधनदूषण’ नावाचा स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

नैयायिक गप्प बसले नाहीत. प्रतिपक्ष म्हणे, माळावर गवत आपोआप उगवतं, त्याचा कर्ता कुठे दिसतो? नैयायिकांचं उत्तर असे की तो अंकुर तर वादाचाच विषय आहे, तुमच्या बाजूचा दाखला म्हणून तो आणता येणार नाही. तर्कशास्त्राच्या अंगानं ही चाल बिनतोड आहे. पण तिची किंमत बघा. कर्ता दिसत नाही अशी प्रत्येक गोष्ट ‘वादाचा विषय’ म्हणून बाजूला काढली, की उरतात फक्त कर्ता दिसणाऱ्या गोष्टी, आणि मग नियमाला अपवाद सापडणारच नाही. ज्या विधानाविरुद्ध काहीच जाऊ शकत नाही, त्याच्या बाजूनं तरी काय जाणार?

इथवर वाचून कुणी म्हणेल, बौद्धच ते, ईश्वर नाकारणारच. म्हणून रामानुजाचार्यांकडे वळतो. अकराव्या-बाराव्या शतकातले हे वैष्णव आचार्य म्हणजे भक्तीचे महामेरू. नारायणावरच्या त्यांच्या निष्ठेबद्दल कुणी शंका घेणार नाही. त्यांनी ‘श्रीभाष्या’त ‘शास्त्रयोनित्वात्’ या सूत्रावर लिहिताना ईश्वराचं हेच अनुमान एकेक विटेनं पाडलंय. पृथ्वी, पर्वत, समुद्र ही कार्यं मानली तरी ती सगळी एकाच वेळी, एकाच कर्त्यानं केली हे कशावरून? वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या कर्त्यांनी का केली नसतील? आपण पाहिलेला प्रत्येक कर्ता देहधारी असतो, मग याला देह आहे का? रामानुजांचा निष्कर्ष असा, की ब्रह्म कळतं ते शास्त्रानं, अनुमानानं नव्हे. पुढे स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यानं याच शंका उपस्थित केल्या. त्या मांडणारा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १७७९ साली छापला गेला.

रामानुजांच्या प्रामाणिकपणाची मला ओढ आहे. श्रद्धा ज्यावर उभी आहे त्याचं नाव त्यांनी स्पष्ट घेतलं आणि जिथे पुरावा नाही तिथे तो असल्याचा देखावा केला नाही. त्यांचं शास्त्रप्रामाण्य मला मान्य नाही, ती चर्चा निराळी. पण ‘विज्ञानानं देव सिद्ध केला’ असे संदेश सकाळ-संध्याकाळ पुढे ढकलणाऱ्यांपेक्षा ते कितीतरी कठोर होते.

युरोपात विल्यम पेलीनं १८०२ साली माळरानावर सापडलेल्या घड्याळाचं उदाहरण देऊन तोच युक्तिवाद पुन्हा मांडला. त्याचा मुख्य भर सजीवांच्या नेमक्या बांधणीवर होता, डोळ्यावर होता. १८५९ साली डार्विननं नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडला आणि डोळा कुणी न घडवता कसा घडत जातो हे दाखवून दिलं. तो मुद्दा तिथे निकालात निघाला.

मग युक्तिवाद जीवशास्त्रातून उठून खगोलशास्त्रात गेला. बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू आणि पट्टीचे भौतिकशास्त्रज्ञ. प्रसरण पावणाऱ्या विश्वाची कल्पना त्यांनी १९२७ साली मांडली आणि १९३१ साली विश्वाच्या सुरुवातीच्या ‘आदिम अणू’ची. १९५१ च्या नोव्हेंबरात पोप बारावे पायस यांनी जाहीर भाषणात आधुनिक विज्ञानाला बायबलमधल्या निर्मितीचा साक्षीदार ठरवलं. लमेत्रना ते आवडलं नाही. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, अशी त्यांची भूमिका होती आणि ती त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. विश्व सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वी अतिशय तप्त आणि दाट अवस्थेत होतं एवढं आज भक्कमपणे सांगता येतं. त्या अवस्थेच्या मागे काय होतं, किंवा ‘मागे’ असं काही होतं का, हे त्यातून निघत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त विचार करायला लावणारा माणूस म्हणजे ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल. कोल्हापुरात जन्मलेले आपले जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये याच हॉइलचे विद्यार्थी आणि नंतर सहकारी. हॉइल नास्तिक. विश्वाला सुरुवात आहे ही कल्पना त्यांना निर्मितिकथेसारखी वाटे, म्हणून ती पटत नसे. १९५३ साली ते कॅलिफोर्नियात असताना त्यांना एक कोडं पडलं. ताऱ्यांच्या पोटात हेलियमची तीन केंद्रकं मिळून कार्बन तयार होतो, पण गणितानं तो फारच कमी तयार व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तर तो मुबलक आहे, आपण सगळे त्याचेच बनलो आहोत. म्हणून हॉइलनी भाकीत केलं, की कार्बनच्या केंद्रकाला सुमारे ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास एक खास ऊर्जापातळी असलीच पाहिजे. तिथल्या प्रयोगशाळेतल्या भौतिकशास्त्रज्ञांनी काहीशा साशंकपणेच मोजमाप केलं. पातळी सापडली.

पुढे याच योगायोगानं हॉइल इतके हलले, की भौतिकशास्त्राच्या नियमांत कुण्या अतिबुद्धिमान शक्तीनं हात घातला असावा, असं नास्तिक असूनही त्यांनी लिहिलं. आज ‘विश्वाचे स्थिरांक जीवसृष्टीसाठी नेमके जुळवलेले आहेत’ हा युक्तिवाद मांडणारे हॉइलचा दाखला हमखास देतात. निर्मात्याच्या बाजूचा आज उपलब्ध असलेला सर्वांत चांगला युक्तिवाद हाच, असं मलाही वाटतं. स्थिरांकांची मूल्यं हीच का, हे कुणालाही सांगता आलेलं नाही आणि ते उघड मान्य करायला हवं. पण धर्मकीर्तींची रेघ इथेही लागू होते. ही मूल्यं ‘फार दुर्मिळ’ आहेत असं म्हणायचं तर ती दुसरी कोणती असू शकली असती आणि किती वेळा, हे ठाऊक हवं. आपल्याला एकच विश्व माहीत आहे. विश्वं तयार होताना कुणी पाहिलेली नाहीत, जुळवणारा असताना एक प्रकारची आणि नसताना दुसऱ्या प्रकारची, अशी तुलना करायला काही नाही. घडा हाती नसताना कुंभार मात्र ओळखला, असा हा प्रकार आहे. असंख्य विश्वं आहेत आणि आपण त्यातल्या सोयीच्या विश्वात आहोत, हे उत्तरही आज तितकंच अधांतरी आहे. ते देणाऱ्या शास्त्रज्ञांना मी सवलत देणार नाही.

१९५३ साली घडलं ते मात्र विसरता कामा नये. हॉइलच्या भाकिताला आकडा होता. पातळी तिथे नसती तर ते चुकीचे ठरले असते. अतिबुद्धिमान शक्तीच्या विधानाला असा आकडा नाही. ती शक्ती असेल तर कुठे काय सापडेल आणि नसेल तर काय सापडणार नाही, हे तिच्या समर्थकांपैकी कुणी आधी सांगत नाही. नारळीकरांनी आपल्या गुरूंची जी कल्पना तपासायला घेतली, ती या दृष्टीनं बघावी. पृथ्वीवर जीवाणू अवकाशातून येतात, हा हॉइल आणि त्यांचे सहकारी विक्रमसिंघे यांचा दावा बहुतेक शास्त्रज्ञांना मान्य नव्हता. नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली हैदराबादहून ४१ किलोमीटर उंचीपर्यंत फुगा पाठवून तिथली हवा गोळा केली. २००५ च्या उड्डाणातल्या नमुन्यांत जीवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्याचं २००९ साली जाहीर झालं. त्यातल्या एकीला हॉइलचं नाव दिलं आहे. ते जीवाणू अवकाशातूनच आले असं यावरून ठरत नाही, ते खालूनही वर गेलेले असू शकतात. पण दावा विचित्र असूनही त्याच्यासाठी फुगा सोडता येत होता.

"बरं, पुरावा नाही म्हणून निर्माता नाही असं सिद्ध होतं का?" नाही होत. ज्याचा कशाशीच संबंध नाही अशा कर्त्याबद्दल काहीच सिद्ध होणार नाही. पण लोकांच्या मनातला निर्माता असा नसतो. तो दयाळू असतो, त्यानं हे जग प्रेमानं केलेलं असतं. आणि दयेचा दावा केला की पुरावा बोलू लागतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. मिरवणुकीहून उशिरा परतलेली माणसं दगड-मातीच्या भिंतींच्या, माळवदाच्या घरांत गाढ झोपेत होती. सुमारे १०,००० माणसं गेली. १ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बन हादरलं तेव्हाही सर्व संतांचा सण होता आणि माणसं चर्चमध्ये प्रार्थनेला जमली होती.

याचं नेहमीचं समर्थन म्हणजे कर्म. सातव्या शतकातले कुमारिल भट्ट हे वेदांचे कडवे पुरस्कर्ते होते, परंपरेच्या अर्थानं नास्तिक नव्हते. ‘श्लोकवार्तिका’त त्यांनी हे समर्थनच तपासायला घेतलं. दयेपोटी जग केलं म्हणता, तर जीवच नव्हते तेव्हा दया कुणाची आली? आणि दयेपोटीच केलं तर सगळं सुखाचंच का केलं नाही? प्राण्यांच्या कर्मानुसारच द्यावं लागतं म्हणाल, तर तो स्वतंत्र राहिला नाही. कर्माचा नियमच सगळं चालवत असेल, तर कर्ता कशाला मानायचा? या प्रश्नाचं उत्तर मला अजून कुठे मिळालेलं नाही. किल्लारीतल्या ढिगाऱ्याखालच्या तान्ह्या मुलांनी कोणतं कर्म केलं होतं, हे त्यांच्या आयांसमोर उभं राहून सांगण्याची तयारी असलेला माणूसही मला भेटलेला नाही. भूकंप का झाला हे मात्र सांगता येतं: उत्तरेकडे सरकणाऱ्या भारतीय भूपट्टात साठलेला ताण तिथे मोकळा झाला. इतकी माणसं का गेली, हेही सांगता येतं. भिंती जड होत्या आणि मातीनं सांधलेल्या होत्या.